शेकाचे कापड

दुखऱ्या सांध्याला ऊब किंवा थंडावा देणाऱ्या पिशवीत पाणी, माती, जेल यांपैकी काहीही भरलेले असो, तिच्यातली उष्णता कातडीपर्यंत किती वेगाने पोहोचावी हे बव्हंशी मधले कापड ठरवते. तरीही या पिशव्यांविषयी बोलताना सर्वांत कमी बोलले जाते ते कापडाविषयीच. तव्यावर भाजलेल्या वाळूची किंवा ओव्याची पुरचुंडी जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यात बांधण्याची घरगुती रीत या बाबतीत अधिक जाणती म्हणावी लागेल.

फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना ज्या ओल्या शेकाच्या पॅकचा अभ्यास करावा लागतो, त्याच्या जाड कॅनव्हासच्या पिशवीत बेंटोनाइट नावाची माती असते. तिचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट हे पापुद्र्यांच्या रचनेचे खनिज असून पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते. दख्खनच्या काळ्या जमिनीत याच कुळातली खनिजे असल्यामुळे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणजे जमिनीत घराचा पाया हलवणारा गुण पॅकमध्ये पाणी, आणि पाण्याबरोबर उष्णता, धरून ठेवण्याच्या कामी येतो. पिशवीवर उभ्या-आडव्या शिवणी घालून कप्पे पाडतात, ते भिजलेली माती एका कडेला गोळा होऊ नये म्हणून. गोधडीतला धावदोरा चिंध्यांचे थर जागच्या जागी धरतो, तसेच हे काम.

हा पॅक सुमारे 70 ते 75 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवला जातो, आणि तो तसाच अंगावर ठेवला तर कातडी भाजेल, म्हणून त्याभोवती टॉवेलचे सहा ते आठ थर घेतात. येथे टर्किश टॉवेलच का, याचे उत्तर त्याच्या विणीत आहे. या कापडात ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन संच असतात. एक ताठ राहून कापडाला बळ देतो आणि दुसरा सैल सोडल्यामुळे त्याचे वेटोळे पृष्ठभागावर उभे राहतात. त्या वेटोळ्यांत हवा अडकते, आणि स्थिर हवा पाण्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यानेच उष्णता वाहून नेत असल्याने प्रत्येक थर उष्णतेची वाट थोडी थोडी अडवतो. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापूरचा टेरी टॉवेल याच जातीचा.

थंड पॅकची गरज वेगळी आहे. गोठणपेटीतही लवचीक राहणारे जेल झिरपू नये म्हणून आत प्लास्टिकचा पातळ पडदा आणि त्याला चिकटवलेले मऊ कापड अशी दुपेडी रचना अनेक पॅकमध्ये केलेली असते. पडदा ओल अडवतो, तर कापड बळ देते आणि बाहेर साचणारे दव टिपते. वारंवार गोठवण्या-वितळवण्याने हे दोन थर सुटू लागले, तर त्या जागी पडदा उघडा पडून पॅक गळू शकतो. शिवाय येथे कोरड्या टॉवेलची घडी फार जाड घेतली तर थंडावा पोहोचतच नाही, म्हणून पॅक आणि अंग यांच्यामध्ये पुष्कळदा ओले फडके घालतात, कारण कापडातल्या हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णतेची वाट मोकळी होते.

गरम पॅक अंगाखाली घेऊन त्यावर झोपू नये, असे रुग्णाला बजावले जाते त्याचे कारणही कापडातच आहे: शरीराच्या भाराने टॉवेलचे थर दबतात, त्यांतली हवा निघून जाते, आणि आठ थर मोजून घेतलेले असूनही कातडी भाजते.