दुग्धकळप व्यवस्थापनाचे प्रात्यक्षिक शिक्षण

पशुवैद्यक, कृषी व दुग्धविज्ञान महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना गाई-म्हशींची निगा, आहार, प्रजनन, दोहन व नोंदी यांचे गोठ्यात प्रत्यक्ष काम करवून दिले जाणारे शिक्षण. भारतात दुग्धव्यवसायाच्या उच्च शिक्षणासाठी १९२३ मध्ये बंगलोर येथे संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य केंद्र १९५५ मध्ये कर्नाल (सध्या हरियाणा राज्य) येथे हलविण्यात आले व ती राष्ट्रीय दुग्धव्यवसाय संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात होल्स्टीन फ्रीजियन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय निर्माण करण्यात आली.

गोठ्यातील बहुतेक महत्त्वाची कामे वेळेशी बांधलेली असतात; म्हणूनच ती केवळ ग्रंथांवरून शिकता येत नाहीत.

दोहन : कास धुऊन कोरडी केल्यावर पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात काढून त्यांत गुठळ्या आहेत का ते पाहतात. गुठळ्या हे स्तनशोथाचे (दगडीचे) लक्षण होय. पान्हा थोडाच वेळ टिकतो. म्हणून ५ ते ७ मिनिटांत दोहन पूर्ण करावे लागते. अंगठा मुडपून धार काढल्याने सडांना इजा होते. यासाठी विद्यार्थ्यांना पूर्ण मुठीने धार काढण्याचा सराव देतात. दोहनानंतर सडांची छिद्रे काही काळ उघडी असतात. जनावर लगेच खाली बसू नये म्हणून त्यास वैरण घालतात.

प्रजनन : गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करतात. एक माज हुकल्यास सुमारे तीन आठवडे वाया जातात व तेवढा काळ गाय पोसण्याचा खर्च वाढतो. म्हशींतील मुका माज ओळखण्यास अधिक बारकाईचे निरीक्षण लागते.

वासरांचे संगोपन : गाईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भावस्थेत वासराला मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता झपाट्याने घटत जाऊन सुमारे २४ तासांत संपते. यास्तव जन्मानंतर पहिल्या एक-दोन तासांतच चीक पाजणे आवश्यक असते.

नोंदी : विण्याची तारीख, दूध, माज, रेतन व आजार यांच्या दैनंदिन नोंदींवरून कोणते जनावर राखावे, केव्हा आटवावे व कोणते कळपातून काढावे, हे ठरते.

महाविद्यालयीन गोठ्यात चारा, पाणी व मजूर यांची तरतूद असते. दोन-तीन जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याजवळ ती नसते. त्यामुळे विद्यार्थ्याने शेतकऱ्यांच्या गोठ्यांतही काम केल्याशिवाय हे शिक्षण पूर्ण होत नाही.