दलदलीचे दप्तर

ऑर्किडच्या कुंडीसाठी रोपवाटिकेतून आणलेल्या पिवळट, वाळल्या शेवाळाची मूठ पाण्यात बुडवून क्षणभराने पिळली, तर एवढ्याशा काडीकचऱ्याने इतके पाणी कोठे दडविले होते, असा अचंबा वाटल्यावाचून राहत नाही. हे स्फॅग्नम, आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० पट पाणी ते धरू शकते. त्याच्या पानात पोकळ, सच्छिद्र, मृत पेशींच्या मधून जिवंत हिरव्या पेशींची बारीक जाळी गेलेली असते. मेलेल्यांनी पाणी साठवावे आणि जिवंतांनी अन्न सिद्ध करावे, अशी त्या घराची वहिवाट आहे.

जेथे हे वाढते तेथील पाणी ते स्वतःच आम्लधर्मी करून सोडते, आणि त्या प्राणवायुहीन ओलाव्यात मेलेले शेवाळ पुरते कुजत नसल्यामुळे, थरावर थर चढून, वर्षाकाठी जेमतेम १ मिलिमीटर अशा संथ गतीने पीट साचत जाते. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे ३ टक्के भाग व्यापणाऱ्या या पीटभूमीत जगातील साऱ्या अरण्यांतील वृक्षराजीपेक्षा अधिक कार्बन बंदिस्त आहे.

मला कुतूहल आहे ते या स्फॅग्नमच्या एकाच जातीचे. अमेरिकन शेवाळतज्ज्ञ को फिंच ऑस्टिन यांच्यावरून जिला स्फॅग्नम ऑस्टिनी म्हणतात, तिचे तपकिरी, दाट, हाताला घट्ट लागणारे उंचवटे ब्रिटन-आयर्लंडच्या दलदलींत आढळतात. पान सूक्ष्मदर्शकाखाली धरले की पेशींच्या भिंतींवर फणीच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात, आणि त्याच खुणेवरून हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पीटमधले पानही ओळखू येते. पीटचे हे दप्तर उलगडणाऱ्यांना आढळले ते असे की, ज्या जातीने तेथील कित्येक दलदली सहस्रावधी वर्षे रचल्या, तिचाच दाखला मध्ययुगाच्या आगेमागे अनेक ठिकाणच्या थरांतून खुंटतो. हवामान पालटले, जाळपोळ झाली, चर खणून पाणी काढले, की दुसऱ्या शेवाळाने तिची जागा बळकावली, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. सर्वांनीच थोडाथोडा हातभार लावला असावा, असे मला वाटते.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, बोर्थ गावाच्या पाठीमागे, कॉर्स व्होख्नो नावाच्या दलदलीत ती अद्याप तग धरून आहे. तेथे धुक्याबरोबर एक म्हातारी चेटकीण येऊन गावकऱ्यांना हुडहुडी भरविते, अशी जुनी समजूत. ती हुडहुडी बहुधा हिवतापाची असावी. दलदलीच्या कडा सरपणाकरिता कापल्या गेल्या, शेतीकरिता सुकविल्या गेल्या, आणि कडा सुकली म्हणजे मधले पाणीही ओसरू लागते. म्हणून ऑस्टिनीच्या संरक्षणाचे काम कुंपणापेक्षा पाटबंधाऱ्याच्या खात्याला अधिक शोभणारे: जुने चर बुजवायचे, पीटचेच बुटके बांध घालायचे, आणि पाणी पृष्ठभागाला टेकेपर्यंत वाट पाहायची. बुजविलेल्या चराच्या डबक्यात पहिल्याने तरंगते ते निराळ्याच जातीचे, हिरवेगार, लिबलिबीत स्फॅग्नम. ऑस्टिनीचा उंचवटा उभा राहायचा तर तो त्यानंतर कित्येक वर्षांनी.