लिलावात आधी कोण घ्यायचा: रेडर की कॉर्नर?

(एपिसोडचा लिखित भाग. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

भाटघरहून बोलतोय. मागे अधूनमधून एसटीचा हॉर्न ऐकू येईल, तो एडिट करायला मला जमलेलं नाही.

आजचा विषय वेल्ह्याहून आलेल्या एका व्हॉइस मेसेजमुळे निघाला. प्रश्न असा होता: "दादा, आमच्या गावात यंदा कबड्डीची लीग आहे, खेळाडूंचा लिलाव आहे. प्रत्येक टीमला १००० पॉइंट. आधी रेडर घ्यायचा का डिफेंडर?"

हा प्रश्न ऐकून मला हसू पण आलं आणि पोटात गोळा पण आला. कारण गेल्या वर्षी आमच्या टीमसाठी बोली मीच लावत होतो. बीटेक झालेला, आयटीत काम करणारा, म्हणजे याला गणित येतं असा सगळ्यांचा समज. मी काय केलं? १००० पैकी ६२० पॉइंट एका रेडरवर घातले. उरले ३८०, आणि घ्यायचे होते अजून नऊ जण. म्हणजे एकेकाला जेमतेम ४२.

पोरगा खेळायला भारीच होता. पण सेमी फायनलला समोरच्या टीमच्या डाव्या कोपऱ्याने त्याला चार वेळा घोट्यात धरला. तो कोपरा त्यांनी ६० पॉइंटला घेतला होता. आमचा ६२० चा माणूस बाहेर बसून बघतोय, आणि आत जे उरलेत त्यांच्यापैकी एकालाही चढाई नीट येत नाही. हरलो. वर्षभर गावात ऐकून घेतलं.

त्यामुळे या वेळी नीट अभ्यास केला. तोच आज सांगतो.

०२:४० – प्रो कबड्डीतली एक जोडी

ऑक्टोबर २०२३. मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाचा लिलाव. प्रत्येक टीमची पर्स ५ कोटी.

तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला घेतलं, २ कोटी ६० लाख ५० हजारांना. तोवरची सगळ्यात मोठी बोली. पवन म्हणजे रेडर, आणि साधासुधा नाही.

आपल्या पुणेरी पलटणने घेतलं इराणच्या मोहम्मदरझा शादलूला, २ कोटी ३५ लाखांना. शादलू म्हणजे डावा कोपरा. अधूनमधून चढाईलाही जातो, पण खरं काम पकडीचं.

निकाल काय लागला? टायटन्सने २२ पैकी २ सामने जिंकले आणि तळाला राहिले. पलटणने २२ पैकी १७ जिंकले, ९६ गुणांनी टेबलमध्ये पहिली आली, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८–२५ हरवून पहिल्यांदा चॅम्पियन झाली. शादलूने त्या मोसमात पकडीचे ९९ गुण घेतले, सगळ्या लीगमध्ये सर्वात जास्त.

आता इथे थांबून कुणी म्हणेल, "बघा, म्हणजे कॉर्नर घ्या, विषय संपला!" मी पण आधी तेच म्हणालो होतो. पण जरा नीट बघा. दोन्ही टीमने एका माणसावर साधारण अर्धी पर्स घातलीये. खर्च जवळपास सारखा, रिझल्ट दोन टोकांचे. मग फरक कशात होता?

०५:१० – "सुटला तर कोण?"

फरक होता आधीपासून घरात काय आहे यात.

लिलावाला बसण्याआधी पलटणकडे चढाईला कोण कोण होतं बघा. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. यातले अस्लम आणि मोहित तर नवे तरुण खेळाडू म्हणून टीमने घेतले आणि तिथेच मोठे झाले. अस्लम तर त्या मोसमात कॅप्टन होता. म्हणजे रेडरची लाइन लागलेली. रिकामं काय होतं? डावा कोपरा. आदल्या मोसमात तिथे फझल अत्राचली होता, ज्याला पलटणने १ कोटी ३८ लाखांना घेतलं होतं. तो गेला गुजरातकडे. आता फझलसारखा दुसरा बाजारात कितीसा मिळणार? एक शादलू. म्हणून तिथे पैसे ओतले.

टायटन्सची गोष्ट उलटी. ती टीम आदल्या मोसमातही तळाशीच होती. एका जागेची नाही, बऱ्याच जागांची गळती होती. पवनने आपलं काम केलं, पण बाकीची गळती तशीच राहिली.

म्हणून माझ्या एक्सेल शीटमध्ये आता एकच महत्त्वाचा कॉलम आहे. त्याचं नाव "सुटला तर कोण?"

म्हणजे असं. प्रत्येक जागेसाठी दोन नावं लिहायची. एक, तुम्हाला हवा असलेला. दोन, ही बोली हातातून गेली तर त्या जागेवर जो मिळेल तो. पैसे पहिल्या नावाच्या मोठेपणाचे द्यायचे नाहीत. पैसे द्यायचे या दोन नावांमधल्या फरकाचे.

समजा (आकडे नुसते समजायला घेतोय) सगळ्यात भारी रेडर मॅचला १० गुण आणतो आणि सुटला तर मिळणारा ८ आणतो. फरक २. भारी कॉर्नर मॅचला ४ पकडी करतो, सुटला तर मिळणारा १. फरक ३. बोर्डावर १० हा आकडा मोठा दिसतो, पण तुम्ही जे विकत घेताय ते १० नाहीच. तुम्ही विकत घेताय २. आणि त्या दोनासाठी ६२० पॉइंट मोजणारा माणूस आत्ता तुमच्याशी बोलतोय!

०८:०० – रेडर सापडतो, कॉर्नर का सापडत नाही?

प्रो कबड्डीतच याची दोन उदाहरणं आहेत.

नववा मोसम, २०२२. तमिळ थलैवाजने पवनला २ कोटी २६ लाखांना घेतलं. पहिल्याच मॅचला गुडघा गेला, पूर्ण मोसम बाहेर. सगळे म्हणाले, संपली टीम. पण नरेंदर नावाचा नवा पोरगा पुढे आला, त्याने चढाईचे २४३ गुण काढले, आणि टीम सेमी फायनलला पोचली. तिथे त्यांना आपल्या पलटणनेच हरवलं.

दहावा मोसम. दबंग दिल्लीचा मुख्य रेडर नवीन कुमार दुखापतीने बाहेर. आशू मलिकने जबाबदारी घेतली आणि २७६ गुणांसह लीगचा टॉप रेडर झाला.

असं का होतं? माझं मत सांगतो. चढाई हे बरंचसं एकट्याचं काम आहे. पायात वेग असेल, अंदाज असेल, तर संधी मिळाली की पोरगा चमकतो. पण कोपरा एकटा खेळत नाही. त्याने घोटा धरला की त्याच क्षणाला शेजारच्या 'इन'ने आणि कव्हरने अंगावर यायला हवं. नाहीतर रेडर त्याला ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो, आणि पकड करायला गेलेले दोघंतिघं एकदम बाद. थोडक्यात, चांगला कोपरा म्हणजे वेळ ओळखणारा माणूस, आणि ते अंगात यायला मोसम जातात.

दुसरं, पकडीचा एक गुण म्हणजे नुसता एक गुण नसतो. समोरचा रेडर बाहेर गेला. तुमचा एक गडी आत आला. आणि त्यांचा तो मुख्य रेडर, ज्याच्यावर त्यांनी अर्धी पर्स घातलीये, तो परत आत येईपर्यंत त्यांच्या चढाया दुसऱ्याच कुणीतरी करायच्या. आत तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड केलीत तर एकाऐवजी दोन गुण. लोण वाचलं तर समोरच्यांचे जादाचे दोन गुण पण वाचले.

तिसरं, ४० मिनिटांचा खेळ, एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. दोन्ही बाजूंच्या मिळून साधारण ८० चढाया धरा. आपला मुख्य रेडर आपल्या ४० पैकी निम्म्या करेल. कोपरा आत असेल तर समोरच्यांची एकूण एक चढाई त्याच्यासमोरून जाते.

११:१५ – फुटबॉलवाल्यांनी काय केलं होतं?

हे फक्त कबड्डीचं नाही. २३ जुलै २०१७ ला मुंबईतच इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट झाला होता. ड्राफ्ट म्हणजे बोली नाही, टीमने पाळीपाळीने खेळाडू उचलायचे. त्यात सगळ्यात पहिला कोण उचलला गेला? गोल मारणारा नाही. नव्या जमशेदपूर टीमने पहिलं नाव घेतलं अनस एडथोडिकाचं. डिफेंडर!

त्यामागचा हिशेब समजून घ्या. त्या मोसमात मैदानावर एका वेळी किमान सहा भारतीय हवेत असा नियम होता. ड्राफ्टमध्ये फक्त भारतीय खेळाडू. गोल मारायला परदेशी खेळाडू वेगळे आणता येत होते, आणि झालंही तसंच. त्या मोसमात सर्वाधिक १८ गोल एफसी गोवाच्या स्पेनच्या कोरोमिनासने मारले. म्हणजे स्ट्रायकर बाहेरून आणता येतो, पण भरवशाचे भारतीय सेंटर बॅक मोजकेच. "सुटला तर कोण?" विचारलं की उत्तर आपोआप येतं.

मग जमशेदपूर जिंकली का? नाही. पाचवी आली. चौथी आली आपली एफसी पुणे सिटी, आणि सेमी फायनल तिनेच खेळली. म्हणजे पहिला पिक बरोबर घेतला तरी बाकीचं घर बांधावंच लागतं.

१३:३० – आता माझ्याच विरोधात बोलतो

एकच बाजू सांगितली तर तुम्ही पुढचा लिलाव हराल, म्हणून हे पण ऐका.

शादलूला पलटणने ठेवलं नाही. अकराव्या मोसमात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. हरियाणा चॅम्पियन झाली, तीही आपल्या बालेवाडीत, २९ डिसेंबर २०२४ ला. पलटण प्लेऑफलाही पोचली नाही. इथवर माझी थिअरी एकदम फिट.

पण बाराव्या मोसमात गुजरातने त्यालाच २ कोटी २३ लाखांना घेतलं, आणि गुजरात पहिल्या आठातही नव्हती. पलटण मात्र त्याच्याशिवाय फायनलला गेली, दिल्लीकडून २८–३१ अशी थोडक्यात हरली.

आणि स्वस्तात कोपरा मिळतच नाही असंही नाही. नवव्या मोसमात जयपूरने अंकुश नावाचा नवखा पोरगा डाव्या कोपऱ्यावर उभा केला. पकडीचे ८९ गुण, लीगचा बेस्ट डिफेंडर, आणि फायनलला पलटणला हरवून जयपूर चॅम्पियन.

म्हणजे कोपरा हा काही मंत्र नाही. माणूस तोच, जागा तीच, पण ज्या टीमला त्याची खरी कमी होती आणि बाकी घर उभं होतं, तिथेच तो सोनं झाला. जिथे सगळंच गळत होतं, तिथे एकट्याने काही होत नाही.

१५:४५ – गावच्या लिलावात हे कसं वापरायचं?

वेल्ह्याच्या मित्रा, आता तुझ्यासाठी.

लिलावाच्या आदल्या दिवशी सगळ्या खेळाडूंची यादी घे आणि प्रत्येक जागेवर खेळणारे किती आहेत ते मोज. आमच्याकडे ६० जणांच्या यादीत ३५ जणांनी नावापुढे "रेडर" लिहिलंय. डावा कोपरा लिहिणारे चार. टीम आठ! म्हणजे चार टीमना खरा डावा कोपरा मिळणारच नाही. ही माहिती सगळ्यांसमोर आहे, फक्त कुणी मोजत नाही.

जी जागा सगळ्यात आधी संपणार, तिथे आधी जा. रेडरची गर्दी आहे, त्यामुळे शेवटी शेवटी सगळ्यांचे पॉइंट संपल्यावर चांगले दोघं बेस प्राइसला मिळतात. एक महागडा घेण्यापेक्षा बरे तीन घ्या. आमच्या कामात सगळं एकाच सर्व्हरवर ठेवत नाहीत, तो बसला की सगळंच बसतं. रेडर तर दर मॅचला बसतोच, पकडला गेला की.

कोपरा घेतलात तर त्याच्या बाजूला उभा राहणाराही घ्या. शक्य असेल तर रोज एकत्र सराव करणारी जोडी. मातीवर एकमेकांचा श्वास ओळखणारे दोघं, वेगवेगळ्या गावांतून आणलेल्या दोन स्टारपेक्षा बरे.

आणि प्रत्येक जागेचा वरचा आकडा आधीच लिहून ठेवा. समोर माइकवर "एकदा, दोनदा" सुरू झालं की डोकं चालत नाही. माझं चाललं नव्हतं.

१८:२० – जाता जाता

आमच्या वाडीत एक पोरगा आहे, सोळा वर्षांचा. घोट्याची पकड अशी की मोठ्यांना सुटता येत नाही. पण लिलावाच्या फॉर्मवर त्याने "रेडर" लिहिलं. मी विचारलं, का रे? म्हणाला, "दादा, रील रेडरचीच बनते. पकड करणाऱ्याचं तोंड पण दिसत नाही."

त्याचं चूक नाही. आपण सगळे बोली पण तशीच लावतो, रीलमध्ये जो दिसतो त्याच्यावर. मी त्याला शादलूचा २ कोटी ३५ लाखांचा आकडा दाखवला. बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिला. मग फॉर्म परत मागितला, "रेडर" खोडलं आणि "डावा कोपरा" लिहिलं.

म्हणजे आता यादीत डावे कोपरे पाच झाले. रविवारी लिलाव आहे. त्याच्यासाठी मी किती पॉइंटपर्यंत जाणार ते शीटमध्ये लिहिलंय, पण इथे सांगणार नाही. बाकीच्या टीमवाले पण हा पॉडकास्ट ऐकतात.

तुमच्या गावातल्या लिलावात सगळ्यात महाग कोण गेला आणि शेवटी कप कुणी उचलला, दोन्ही व्हॉइस मेसेजवर कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला.