पुंगळीची लांबी

गोळी झाडली की काडतुसातली दारू जळून जाते, ठिणगी पाडणारा प्राइमर फुटून निकामी होतो, गोळी लक्ष्यात जाऊन रुतते. मागे उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. काडतुसाच्या चार भागांत सर्वांत महाग हीच, आणि पुन्हा वापरता येते तीही हीच एकटी. म्हणून अमेरिकेत नेमबाजीचा नाद असलेली मंडळी पुंगळ्या वेचून घरी आणतात आणि गॅरेजमधल्या बाकावर बसवलेल्या हातप्रेसवर त्या पुन्हा भरतात. पैसे वाचतात हे खरेच. पण आपल्या रिव्हॉल्व्हरला मानवेल असे काडतूस आपल्या हाताने जुळवण्याच्या समाधानासाठीही अनेक जण या छंदात वर्षानुवर्षे रमतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसे बनवायला परवाना लागतो. शिवाय राही सरनोबतसारख्या आपल्या नेमबाज २५ मीटर पिस्तूल प्रकारात जी .२२ ची काडतुसे वापरतात, ती पुन्हा भरण्याजोगी नसतातच. त्यांचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो. कड एकदा चेपली की पुंगळीचे काम संपले.

अमेरिकेत धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आले ते १८५७ मध्ये. इकडे कागदी काडतुसांना लावलेल्या चरबीवरून आगडोंब उसळला होता, आणि त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या स्मिथ अँड वेसन कंपनीने आपले पहिले मॉडेल विकायला काढले. आरपार भोक असलेल्या सिलिंडरचे पेटंट १८५५ पासून रोलिन व्हाइट यांच्या नावावर होते. ते १८६९ मध्ये संपले आणि १८७३ मध्ये कोल्टचे प्रसिद्ध .४५ आले. पुढे काडतुसाच्या बुडाच्या मधोमध प्राइमर बसवण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. ब्रिटिश अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांची पद्धत अमेरिकेने उचलली, तर अमेरिकी हायरम बर्डन यांची युरोपने. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मध्यभागी एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून जळका प्राइमर सरळ खाली पाडता येतो. घरोघरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत इतका फोफावला, त्यामागे या एका छिद्राचा मोठा वाटा आहे.

पुंगळीच्या लांबीचा प्रश्न रिव्हॉल्व्हरवाल्यांना सहसा उशिरा पडतो, आणि त्याला कारण आहे. रिव्हॉल्व्हरच्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते. ती सिलिंडरच्या मागच्या पृष्ठावर टेकते आणि काडतूस किती आत जायचे ते तिथेच ठरते. पुंगळी थोडी आखूड असली तरी काडतूस जागच्या जागी बसते आणि उडतेही. नऊ मिलिमीटर किंवा .४५ एसीपीसारखी स्वयंचलित पिस्तुलांची काडतुसे मात्र पुंगळीच्या तोंडावर टेकतात, त्यामुळे तिथे लांबी पहिल्यापासून पाहावी लागते. रायफलीच्या निमुळत्या मानेच्या पुंगळ्या दर वेळी ताणून वाढतात, म्हणून त्याही कापाव्या लागतात. रिव्हॉल्व्हरच्या सरळ पुंगळ्या फारशा वाढत नाहीत. बरेचदा वापरागणिक किंचित आखूडच होतात. म्हणून ‘यांना मापायची गरज नाही’ असे म्हणायची सवय पडली आहे. मला ही सवय अर्धवट वाटते. कडेपाशी लांबीचा काही संबंध येत नाही, पण तोंडापाशी तिच्यावर बरेच काही अवलंबून असते.

गोळी पुंगळीत मुख्यतः धरून ठेवते ती पितळेची पकड. भरण्याआधी पुंगळी एका साच्यातून, म्हणजे डायमधून, दाबून बारीक करतात, तेव्हा ही पकड तयार होते. तिच्या जोडीला पुंगळीचे तोंड आत वळवून गोळीच्या खाचेत बसवतात. याला क्रिम्प म्हणतात. क्रिम्पचा डाय प्रेसवर एका उंचीला पक्का केलेला असतो आणि प्रत्येक पुंगळी खालून तेवढ्याच अंतरापर्यंत वर येते. पुंगळ्या सारख्या असतील तर प्रत्येक तोंड सारखेच वळते. एखादी लांब निघाली, तर तिचे तोंड डायच्या खांद्याला आधीच भिडते. ते जास्त वळते, किंवा खाच चुकवून गोळीच्या गुळगुळीत अंगात रुतते. आणखी दाब आला की त्याच्याखालची भिंत बाहेर फुगते, आणि असे काडतूस सिलिंडरच्या घरात शिरेनासे होते. आखूड पुंगळीला डाय जेमतेम शिवतो. बाहेरून ती नीट दिसते, पण तोंड वळलेलेच नसते. गोळी घालण्याआधी तोंड किंचित फाकवतात, तिथेही हेच घडते: लांब पुंगळी जास्त फाकते आणि लवकर तडकते.

अशी ढिली काडतुसे जोरकस असतील तर काय होते, ते समजून घेण्यासारखे आहे. पहिली गोळी उडाली की रिव्हॉल्व्हर झटक्यासरशी मागे येते आणि बाकीच्या घरांतल्या पुंगळ्याही कडेला धरून मागे ओढल्या जातात. त्यांच्यातल्या जड गोळ्या मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहतात. दर झटक्याला गोळी पुंगळीतून जराजरा पुढे सरकते. सहावे काडतूस पाच झटके सोसून बसलेले असते. त्याच्या गोळीचे टोक सिलिंडरच्या पुढे आले की ते चौकटीला अडते आणि सिलिंडर फिरायचे थांबते. रिव्हॉल्व्हर जितके हलके, तितका झटका मोठा. खात्री करायची जुनी रीत साधी आहे: सहाव्या काडतुसाची एकूण लांबी मापून ठेवायची, पाच गोळ्या झाडायच्या, मग ते काढून पुन्हा मापायचे. लांबी वाढली असेल तर क्रिम्प किंवा पकड कमी पडते आहे.

दुसरा परिणाम दारूच्या जळण्यावर होतो. मॅग्नम म्हणवल्या जाणाऱ्या जोरकस काडतुसांत वापरल्या जाणाऱ्या सावकाश जळणाऱ्या दारूला सुरुवातीला गोळीचा थोडा अडसर हवा असतो. एका काडतुसात घट्ट क्रिम्प आणि दुसऱ्यात ढिला, असे असले की गोळ्यांचा वेग सारखा राहत नाही आणि नळीत अर्धवट जळलेले कण सापडतात.

मापे पाहू. .३८ स्पेशलच्या पुंगळीची कमाल लांबी १.१५५ इंच, म्हणजे २९.३ मिलिमीटर. .३५७ मॅग्नमची १.२९० इंच. दोन्हींचा व्यास तोच. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आले तेव्हा त्याची पुंगळी मुद्दामच लांब ठेवली, कारण हे दांडगे काडतूस जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरता कामा नये. ०.१३५ इंचाचा तो फरक गेली नव्वद वर्षे माणसांचे हात आणि डोळे वाचवतो आहे. .४४ स्पेशल आणि १९५५ च्या .४४ मॅग्नममध्येही तोच उपाय आहे. उलट .३८ ची काडतुसे .३५७ मध्ये बिनदिक्कत चालतात. फक्त आखूड पुंगळीच्या तोंडापुढे घरात काजळीचे कडे साचते, आणि ते साफ केले नाही तर पुढे मॅग्नमची पुंगळी अडकत आत जाते.

वेचलेल्या ढिगात लांबी कमीजास्त असते, कारण त्यात निरनिराळ्या कारखान्यांच्या आणि कमीअधिक वेळा भरलेल्या पुंगळ्या मिसळलेल्या असतात. कारखान्यांनाही कमाल मापाच्या आत थोडी सूट असते. ०.०१ इंचाचा फरक म्हणजे पाव मिलिमीटर, दोन-तीन कागदांची जाडी. डोळ्यांना तो दिसत नाही, क्रिम्पला दिसतो.

म्हणून आधी बुडावरचा शिक्का पाहून पुंगळ्या वेगळ्या करायच्या. मग त्या बारीक करणाऱ्या डायमधून काढायच्या, कारण तिथे पितळ दाबले जाऊन लांबी थोडी बदलते, आणि त्यानंतरच व्हर्निअर कॅलिपर लावायचा. अतिआखूड असतील त्या बाजूला काढून उरलेल्या सगळ्या छोट्या हातलेथवर एका लांबीला कापायच्या आणि तोंडाची आतली-बाहेरची बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार, काढायची. छापील आकडा नेमका गाठण्यापेक्षा सगळ्या एकसारख्या होणे महत्त्वाचे आहे. सरळ पुंगळ्या वाढत नसल्याने हे काम बहुधा एकदाच करावे लागते. गोळी बसवणे आणि क्रिम्प करणे या दोन क्रिया वेगवेगळ्या डायने केल्या तर चुका आणखी कमी होतात. जोरकस काडतुसांसाठी एवढे कष्ट घ्यायलाच हवेत, असे माझे ठाम मत आहे.

पुंगळीचे पितळ सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्ताचे असते. तोंड पुन्हापुन्हा फाकवून आणि वळवून ते कडक होते आणि एक दिवस उभे चिरते. पितळ चिरण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट मात्र आपल्या पावसाळ्यातली आहे. ब्रिटिश लष्कराची काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली जात आणि न झाडताच तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढून घडवताना त्यात उरलेला ताण, या तिन्हींचा तो मेळ असल्याचे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवून दिले. ताण काढण्यासाठी पितळ तापवायचे, हा उपाय तेव्हापासून पक्का झाला. पुंगळ्या चकचकीत करायला अमोनिया असलेले पॉलिश वापरू नका, असे आजही घरी काडतुसे भरणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला बजावतात, ते त्यामुळेच.

मिसळलेला ढीग टाकून द्यायची गरज नसते. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर सराव करण्याच्या मंद काडतुसांना झटका थोडा बसतो. त्यांना तोंड न वळवता नुसते हलके आवळणारा निमुळता क्रिम्प पुरतो, आणि या क्रिम्पला लांबीतला फरक पुष्कळ सोसतो. कापलेल्या, एका शिक्क्याच्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात, किती वेळा भरल्या त्याची चिठ्ठी लावून ठेवायच्या. तोंडाला पहिली चीर दिसली की ती पुंगळी भंगारात टाकायची.