बिऱ्हाड आणि बिल्टी

घरसामान हलवणारी कंपनी, म्हणजे बोलीतले ‘पॅकर्स-मूव्हर्स’, तीन कामांचे पैसे घेते: सामान बांधणे, ते चढवणे-उतरवणे आणि वाहून नेणे. भंडाऱ्याहून निघणारे बिऱ्हाड नागपूरला जाणार असेल, तर यातले तिसरे काम बहुधा सर्वांत स्वस्त पडते. अंतर साठेक किलोमीटर, रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. पण दुसऱ्या मजल्यावरची लोखंडी आलमारी जिन्याच्या वळणावरून उतरवायला चार माणसे लागतात ती लागतातच, मग पुढे नागपूर असो की दिल्ली. म्हणून ‘एवढ्याशा अंतराचे एवढे पैसे?’ ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती बहुतेकदा चुकीच्या जागी असते. पैसे हमालीचे आणि बांधणीचे असतात.

जिल्ह्यात बदल्यांचे बिऱ्हाड नवे नाही. जवाहरनगरची आयुध निर्माणी, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, बँका, पोलीस, शाळा या सगळ्यांमुळे कुटुंबे येत-जात राहतात. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या सर्वसाधारण बदल्या २००५ च्या कायद्यानुसार एप्रिल-मे महिन्यांत होतात. विदर्भातल्या शाळा मात्र जूनच्या अखेरीकडे उघडतात. त्यामुळे मेच्या शेवटापासून गाड्यांना मागणी वाढते आणि दरही. त्या दिवसांत दुपारचे ऊन माणसाला उभे राहू देत नाही. सामान पहाटे चढवायला सुरुवात करावी, हे ठरवतानाच बोलून घेतलेले बरे. जूनच्या मध्यानंतर पावसाची भीती. तेव्हा ताडपत्री घातलेल्या उघड्या गाडीपेक्षा बंद बॉडीची गाडी मागावी.

जिल्ह्यातले सर्वांत मोठे स्थलांतर मात्र कोणत्याही कंपनीच्या गाडीतून झालेले नाही. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि वैनगंगेकाठची गावेच्या गावे उठली. पुढे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने विस्थापित कुटुंबाला वाहतुकीसाठी एकरकमी ५०,००० रुपये ठरवले. ते कशाकशासाठी, हेही कायदा सांगतो: कुटुंब, बांधकामाचे साहित्य, सामानसुमान आणि गुरे. घर म्हणजे काय काय, याची याहून नेमकी यादी कंपन्यांच्या छापील कागदांवर सहसा सापडत नाही.

कंपनीच्या यादीत सोफा, पलंग, टीव्ही, फ्रिज असतात. भंडाऱ्याच्या घरात त्याशिवाय बरेच काही असते. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर चढवलेला मोठा कूलर असतो. तो उतरवायला नटबोल्ट काढावे लागतात, टाकी रिकामी करून वाळवावी लागते, आणि स्टँड वेगळा मोजावा लागतो. पितळेच्या या गावात पितळी भांड्यांचा वारसाही घरोघरी असतो. ती मोठ्या खोक्यात भरली की खोक्याचा तळ जिन्यातच सुटतो. जड वस्तूला लहान खोका, हलकीला मोठा, हा बांधणीचा पहिला नियम. शिवाय गावाकडून आलेला वर्षाचा तांदूळ. पन्नास किलोचे सहा कट्टे म्हणजे तीनशे किलो. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखली जाणारी लहान गाडी सुमारे पाऊण टन पेलते, त्यातला मोठा वाटा तांदळानेच खाल्ला, तर ऐनवेळी दुसरी खेप किंवा मोठी गाडी आली. म्हणून फोनवर ‘टू बीएचके’ एवढे सांगून दर घेऊ नये. कंपनीच्या माणसाला घरी बोलावून माळ्यापासून मोरीपर्यंत सगळे दाखवावे आणि नगांची यादी करून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

काही गोष्टी गाडीत चढवायच्याच नसतात. गॅस सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीकडे परत करून दुसऱ्या गावासाठी कनेक्शन बदलीचा कागद घ्यावा. शेगडी तेवढी आपली. दागिने, रोकड, मूळ कागदपत्रे आपल्याबरोबर. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम वाहतुकीत हलू नये म्हणून मागच्या बाजूने खास बोल्ट लावायचे असतात. मशीन बसवल्या दिवशी काढलेले ते बोल्ट बहुतेक घरांत हरवलेले असतात.

आता बिल्टी. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्यानुसार वाहतूकदाराची नोंदणी हवी आणि माल ताब्यात घेतल्याची पावती, म्हणजेच बिल्टी, त्याने द्यायला हवी. नुकसान झाले तर त्याची जबाबदारी नियमांनुसार भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. जवळच्या अंतराची खरी गोम इथे आहे. समजा, बिलात बांधणी-हमालीचे ९,००० आणि भाड्याचे ३,००० रुपये वेगळे लिहिले, तर दहापट कशाची, हा वाद उभा राहतो; भाडे तेवढे धरले तर मर्यादा ३०,००० रुपयांवर येते. अंतर कमी, म्हणून भाडे कमी, म्हणून संरक्षणही कमी. यावर कायद्यातच उपाय आहे: सामानाची किंमत लेखी जाहीर करून जास्त जोखमीचा वाढीव दर भरणे. ‘इन्शुरन्स’ म्हणून कंपनी काही टक्के मागत असेल, तर विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक मागावा. तो मिळत नसेल, तर तो विमा नाही.

बँकांच्या संघटनेची ‘मान्यता’ जाहिरातींत ठळक छापलेली असते. ती यादी मुळात वाहतूकदारांच्या पावत्यांवर बँकांनी पैसे देताना वापरायची. काचेची कपाटे जपून नेण्याचा तो दाखला नव्हे. बिल्टी कोणाच्या नावाची, हे जास्त महत्त्वाचे. फोन उचलणारा दलाल आणि गाडी तिसऱ्याचीच, असा प्रकार सर्रास असतो. फसवणुकीची ठरलेली तऱ्हाही यातूनच निघते: दर अगदी कमी सांगायचा, सामान चढले की वजन वाढल्याचे सांगून जादा रक्कम मागायची, ती दिल्याशिवाय उतरवायचे नाही. सगळी रक्कम आगाऊ दिलेली असेल तर ग्राहकाच्या हाती काहीच उरत नाही. ‘ई-वे बिलासाठी’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर द्यायचे कारण नाही; वापरलेल्या घरसामानाला त्यातून सूट आहे.

सामान उतरताना यादीवर एकेक नग खुणावत जावे. फुटतूट दिसली तर पोच पावतीवर सही करण्याआधीच तिथे लिहावी आणि फोटो काढावेत. नुकसानीसाठी दावा करायचा तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे भंडाऱ्याहून पुण्याला गेलेल्या कुटुंबाला फुटलेल्या आरशासाठी परत भंडारा गाठावा लागत नाही.