पैदाशीचा घोडा : चार वर्षे उधारीचा सौदा

थरोब्रेड ही घोड्यांची जात सतराव्या आणि अठराव्या शतकांत इंग्लंडात, तिथल्या घोड्या आणि पूर्वेकडून आणलेले घोडे यांच्या संकरातून, निव्वळ शर्यतीसाठी घडवली गेली. आणि 1791 साली जनरल स्टड बुक या वंशनोंदीचा पहिला, प्रास्ताविक खंड निघाल्यानंतर हळूहळू असा दंडक रूढ झाला की ज्याच्या आईबापांची नोंद वहीत नाही, तो कितीही वेगाने धावला तरी थरोब्रेड नव्हे. या जातीचा पितृवंश डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क या तीनच घोड्यांपाशी जाऊन थांबतो, आणि त्यातही आजच्या सुमारे 95 टक्के नरांचा मूळपुरुष एकटा डार्ली अरेबियन आहे. इतक्या अरुंद ओहोळातून वाहत आलेल्या रक्तात पुढच्या पिढीसाठी कोणता नर निवडावा, हा स्टड फार्मच्या, म्हणजे घोड्यांच्या पैदास केंद्राच्या, कारभारातला सर्वांत महागडा प्रश्न असतो.

तो महागडा होण्याचे कारण साध्या हिशेबात आहे. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असल्यामुळे ती वर्षाला फार तर एक शिंगरू देते, तर मागणी असलेल्या घोड्याला एका हंगामात शंभर ते दोनशे घोड्या दाखवल्या जातात. त्यामुळे घोडीची निवड चुकली तर एक शिंगरू वाया जाते, पण घोड्याची निवड चुकली तर फार्मची अख्खी पिढी वाया जाते. गाईम्हशींप्रमाणे कृत्रिम रेतनाचा मार्ग येथे बंद आहे, कारण वंशनोंदीचे नियम फक्त नैसर्गिक संयोगातून झालेले शिंगरूच मान्य करतात. म्हणजे घोडा प्रत्यक्ष फार्मवर असावा लागतो, नाहीतर गाभण राहण्यासाठी घोडीला त्याच्यापर्यंत न्यावे लागते. शिवाय या निर्णयाचा निकाल फार उशिरा लागतो. नवा घोडा पहिल्या वर्षी घोड्या फळवतो, दुसऱ्या वर्षी शिंगरे जन्मतात, तिसऱ्या वर्षी ती लिलावात उभी राहतात आणि चौथ्या वर्षी, दोन वर्षांची झाल्यावर, प्रथम धावतात. तोवर मालकाने आणखी तीन हंगाम त्याच घोड्याला घोड्या दाखवलेल्या असतात, त्या केवळ विश्वासावर.

विश्वास ठेवायचा तो कशावर, याची परंपरेने तीन उत्तरे आहेत : घोड्याने मैदानात काय केले, त्याच्या वंशावळीत कोण आहे आणि तो उभा कसा राहतो. पहिले उत्तर सर्वांना पटते, आणि सर्वांत जास्त फसवतेही. सेक्रेटेरियट या घोड्याने 1973 साली अमेरिकेतला ट्रिपल क्राउन, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मानाच्या शर्यतींची माळ, जिंकला. आणि ती माळ पुरी होण्याआधीच त्याच्या पैदास हक्काचे 32 भाग प्रत्येकी 1,90,000 डॉलरना विकले गेले होते. त्याचे मुलगे त्याच्या तोडीचे निघाले नाहीत. त्याचे खरे देणे मुलींच्या पोटी उतरले : स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी आणि गॉन वेस्ट हे तिन्ही नामांकित जनक त्याच्या मुलींचे मुलगे. उलट डॅन्झिग गुडघ्याच्या दुखण्यामुळे उण्यापुऱ्या तीन शर्यती धावला, तिन्ही जिंकला, आणि 1991 ते 1993 अशी सलग तीन वर्षे अमेरिकेतला अग्रेसर जनक, म्हणजे ज्याच्या संततीची वर्षभरातली बक्षिसांची कमाई सर्वाधिक असा घोडा, ठरला. धावणे हा एका घोड्याचा गुण झाला आणि धावण्याची क्षमता पुढे देणे हा वेगळाच गुण, इतके तरी या दोघांवरून स्पष्ट व्हावे.

वंशावळीचे वाचन हे स्वतंत्र शास्त्र असल्याचा दावा अनेकांनी केला आहे. एकच पूर्वज आईबाप दोघांच्याही बाजूला किती पिढ्यांमागे येतो हे अंकांत मांडतात; एनेबल या गाजलेल्या घोडीच्या बाबतीत सॅडलर्स वेल्स हा घोडा वडिलांकडून तिसऱ्या आणि आईकडून दुसऱ्याच पिढीत येतो, म्हणून तिची नोंद 3×2 अशी होते, आणि इतकी जवळीक एरवी धोक्याची मानली जाते. एखाद्या घोड्याच्या वंशाशी दुसऱ्या एखाद्या घोड्याच्या मुली विशेष जुळतात, असेही अनुभवाने दिसते. गॅलिलिओ आणि डेनहिलच्या मुली यांच्या जोडणीतून निघालेला फ्रँकेल 14 पैकी 14 शर्यती जिंकला, हे त्याचे सर्वांत लखलखीत उदाहरण. मात्र अशा जोड्यांची कीर्ती वाढली की उत्तमोत्तम घोड्या त्याच जोडणीसाठी पाठवल्या जातात, आणि मग यश रक्ताचे की निवडक घोड्यांचे, हे वेगळे काढणे अवघड होते.

शरीराची परीक्षा त्या मानाने जमिनीवरची आहे. पुढचा गुडघा सरळ रेषेत आहे की मागे दबलेला, मागचे पाय आत वळतात का, श्वास घेताना घशातून घरघर येते का, चालताना मागचा पाय पुढच्या पावलाच्या पलीकडे पडतो का, हे सारे तपासतात, कारण यांतले काही दोष शिंगरांत उतरतात. मराठी मुलखात घोडा घेताना अंगावरचे भोवरे मोजण्याची आणि चारही पाय व कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याणी घोड्याला शुभ मानण्याची रीत होती. आजचा पैदासकार तिला हसेल, पण लिलावाच्या सूचीतली ठळक अक्षरांतली नावे पाहून बोली वाढवणाराही कधीकधी भोवरेच वाचत असतो. नॉर्दर्न डान्सर हा कॅनडात 1961 साली जन्मलेला घोडा उंचीने जेमतेम पाच फूट दोन इंच भरला, आणि शिंगरू असताना 25,000 डॉलरनाही त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यात त्याला एक घोडी दाखवण्याचे शुल्क दहा लाख डॉलरवर गेले होते, तेही शिंगराची हमी न देता.

या तिन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेला घोडा चौथ्या, सर्वांत प्राथमिक परीक्षेत नापास होऊ शकतो. सिगार या अमेरिकन घोड्याने सलग 16 शर्यती जिंकल्यानंतर 1997 साली त्याला पैदाशीला लावले. त्याला 34 घोड्या दाखवण्यात आल्या आणि एकही गाभण राहिली नाही. विम्यापोटी 2.5 कोटी डॉलर मिळाले, परंतु घोडा वांझ तो वांझच. म्हणूनच खरेदीपूर्वी वीर्याची तपासणी होते, संसर्गजन्य रोगांसाठी चाचण्या होतात आणि पहिल्या हंगामाच्या फलनक्षमतेचा विमा उतरवला जातो.

ज्यांच्यापाशी गॅलिलिओच्या तोलाचा जनक विकत घेण्याइतका पैसा नाही, त्यांना श्रीमंतांनी नाकारलेल्यांतून निवडावे लागते, आणि भारतीय पैदास बहुतांशी याच वाटेने वाढली. येथील वंशनोंद पुण्यातून रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या देखरेखीखाली ठेवली जाते; ज्या भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांचे घोडदळ उभे राहिले त्यांच्याच मुलखाच्या आसपास आज थरोब्रेडचे स्टड फार्म आहेत, त्यांपैकी पूनावाला स्टड 1946 पासूनचा. भारतात येणारा घोडा बहुधा उत्तम घराण्यातला पण मैदानात कमी पडलेला, किंवा चांगला धावलेला पण बाजारातली चलती ओसरलेला असतो. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा रझीन 1990 च्या एप्सम डर्बीत पैजेचा सर्वांत लाडका घोडा होता आणि शर्यतीत पार मागे पडला. तोच पुढे हरियाणातील उषा स्टडमध्ये येऊन भारतीय शर्यतींचा मोठा जनक ठरला. बापाचे रक्त त्याच्यात होते आणि डर्बीच्या एका दुपारने ते पुसले गेले नव्हते, एवढे ओळखणारे गिऱ्हाईक मात्र भेटावे लागते.

नाकारलेल्या घोड्याची निवड कशी करावी याचा सर्वांत मोठा धडा जपानमधला आहे. संडे सायलेन्स 1986 साली केंटकीत जन्मला. जवळजवळ काळा, मागचे पाय आत वळलेला, स्वभावाने तापट. लिलावात त्याला मनाजोगी किंमत येईना. 1989 साली त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक जिंकून ईझी गोअर या राजबिंड्या प्रतिस्पर्ध्याला चारपैकी तीन लढतींत हरवले, तरी त्याच्या पैदास हक्काचे भाग घ्यायला अमेरिकेतले मोजकेच पैदासकार पुढे आले, कारण त्याच्या आईच्या घराण्याला बाजारात पत नव्हती. होक्काइदो बेटावरील शादाई या पैदास संस्थेचे प्रमुख झेन्या योशिदा यांनी सुमारे 1 कोटी 10 लाख डॉलरना तो जपानला नेला, तेव्हा केंटकीत अनेकांना एक बला टळल्यासारखे वाटले असावे.

योशिदांचा सौदा डोळे मिटून केलेला नव्हता. त्यांनी आधीच नॉर्दर्न डान्सरचा मुलगा नॉर्दर्न टेस्ट जपानला आणलेला होता, 1980 च्या दशकात तो तिथला अग्रेसर जनक होता, आणि शादाईच्या तबेल्यांत त्याच्या मुलींची रेलचेल झाली होती. या घोड्यांना नॉर्दर्न डान्सरच्याच वंशाचा आणखी एक घोडा दाखवणे म्हणजे रक्त घट्ट करत जाणे. हवा होता तो नॉर्दर्न डान्सरचे रक्त नसलेला, वेगवान आणि झुंजार घोडा. संडे सायलेन्सचा बाप हेलो हा त्या वंशाचा नव्हता, जरी हेलोची आई कॉस्मा आणि नॉर्दर्न डान्सरची आई नटाल्मा या दोघी अल्महमूद या एकाच घोडीच्या मुली होत्या. म्हणजे परकेपणा पुरेसा आणि आपुलकी थोडीशी. अमेरिकेने घोडा पाहिला. योशिदांनी आपल्या घोड्या पाहून घोडा पाहिला. हाच क्रम बरोबर आहे, आणि तो पाळणारे आजही थोडेच.

संडे सायलेन्सच्या पहिल्या वर्षीच्या शिंगरांतून 1995 चे सात्सुकी शो आणि जपानी डर्बी या दोन्ही शर्यतींचे विजेते निघाले, आणि 1995 पासून 2007 पर्यंत सलग 13 वर्षे तो जपानचा अग्रेसर जनक राहिला. त्याचा मुलगा डीप इम्पॅक्ट 2005 साली तिथला ट्रिपल क्राउन जिंकला व पुढे स्वतः 2012 ते 2022 अशी सलग 11 वर्षे त्याच जागी बसला. मात्र औषध जास्त झाले की विकार बनते, त्याप्रमाणे जपानच्या तबेल्यांत आता संडे सायलेन्सच्या मुली आणि नाती भरल्या, आणि पुन्हा परक्या घोड्याची गरज पडली. 2002 साली संडे सायलेन्स मेल्यानंतर शादाईने त्याच वर्षीचा केंटकी डर्बी विजेता वॉर एम्ब्लेम मोठी रक्कम मोजून आणला. त्याला घोड्यांत रसच नव्हता, आणि हंगामामागून हंगाम मोजकीच शिंगरे हाती आली. ती उणीव किंग कामेहामेहा या किंगमाम्बोच्या मुलाने भरून काढली, जो आईच्या पोटात असतानाच जपानला आला होता आणि 2010 व 2011 साली अग्रेसर जनक झाला.

एकाच घोड्याकडे धाव घेतली की काय होते याची धास्ती अमेरिकेलाही वाटू लागली, आणि तेथील जॉकी क्लबने 2020 साली, त्या वर्षी वा त्यानंतर जन्मलेल्या घोड्याला हंगामात 140 पेक्षा जास्त घोड्या दाखवू नयेत असा नियम केला. मोठ्या फार्मांनी न्यायालयात धाव घेतली आणि 2022 च्या फेब्रुवारीत तो मागे घेण्यात आला.

जपानचा सौदा करणारे झेन्या योशिदा ऑगस्ट 1993 मध्ये वारले. संडे सायलेन्सची पहिली शिंगरे 1994 च्या हंगामात प्रथम धावली.