श्रेष्ठ गायक कोण?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या डाळजच्या ओसरीवर माझ्या दोघा नातवांचा मोठा वाद जुंपला. ‘हेवी मेटल’ नामक पाश्चात्य गर्जनसंगीतात श्रेष्ठ गायक कोण? थोरल्याचा पक्ष इंग्लंडच्या रॉब हॅलफर्डचा. धाकट्याचा अमेरिकेच्या रॉनी जेम्स डिओचा (१९४२–२०१०). मी पडलो पंतोजी! तत्काळ निकाल दिला, “शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त ‘उद्घुष्ट’ म्हणजे आरडून गाणारा सदोष ठरविला आहे, सबब दोघेही बाद!”

“आजोबा, आधी ऐका तरी!” धाकटा म्हणाला.

ऐकले. हॅलफर्डचा स्वर विजेसारखा तारसप्तकात चढतो; डिओच्या भरदार गळ्यातून शब्द न् शब्द स्पष्ट उमटतो. मग ग्रंथ पुनः उघडला, तों व्याख्येत ‘विरस’ हे विशेषण आढळले. दोष आरडण्याचा नव्हे, रसहीनतेचा! जन्मभर मुलांना ‘मूळ नीट वाचा’ म्हणून बजावणाऱ्याने स्वतःच विशेषण गाळावे, याची लाज वाटली. निकाल मागे घेतला.

आमच्या आजोबांच्या पिढीत असाच वाद बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्यावरून माजे. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी; प्रतिस्पर्धी एकाच रंगभूमीवर! पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर रोजी, केशवराव अवघ्या ३१ व्या वर्षी निवर्तले. त्या रात्री जे केवळ गुण मोजीत बसले असतील, त्यांचे ऐकावयाचे कायमचे राहिले.

वाद अवश्य घालावा. पण ऐकून झाल्यावर.